अकरा तास दहा मिनिटं

संगणकावर दोन नावं टाकली:
ऑकलंड. सान्तियागो.
पापणी लवायच्या आत उत्तर आलं,
नऊ हजार सहाशे साठ किलोमीटर,
अकरा तास दहा मिनिटं.
मध्ये एक निळी कमान,
दक्षिणेच्या बर्फाकडे पोट काढून वाकलेली.

बाबांना फोनवर वाचून दाखवलं.
ते आचाओच्या किनाऱ्यावर होड्या बांधतात.
किलोमीटर त्यांना फक्त डांबरी रस्त्यावरचे कळतात.
"थांब," म्हणाले.
जाळ्याचा गोल तरंगा मांडीवर घेतला असणार,
त्यावर दोरा ताणल्याची करकर
मला इकडे ऐकू आली.
"बरोबर आहे. गोल वस्तूवरून सरळ जायचं
तर वाकावंच लागतं.
होडीची फळी हेच सांगते."
मग विचारलं, "भरत्या किती?"

मी बोटांवर मोजलं.
एक भरती, एक ओहोटी,
आणि वर बटाटे उकडतील एवढा वेळ शिल्लक.

पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
"एवढंच?
मग सात वर्षं तू कुठल्या समुद्रात होतीस, एदुविना?"

काय सांगणार.
त्या अकरा तासांच्या अलीकडे
गोर गावातला एक गोठा आहे, सहाशे गाईंचा,
पहाटे चारची धार,
दर वर्षी नव्यानं रुसणारा व्हिसाचा कागद,
आणि तिकिटाचे पैसे, जे साठत आले
की नेमका घरात कुणाचा तरी दात ठणकतो,
कुणाचं तरी छप्पर उडतं.
पलीकडे आणखी एक विमान, पोर्तो मोन्त,
बस, फेरी, पुन्हा बस,
आणि घराखालचा तो चिखलाचा चढ
जो कुठल्याच नकाशात नाही
आणि ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तरी गेले. जूनमध्ये, गाई आटल्यावर.
शनिवारी संध्याकाळी सहाला निघाले,
शनिवारीच दुपारी एकला उतरले.
निघण्याच्या पाच तास आधी!
दुकानदारानं मोड परत करावी
तसे घड्याळानं ते पाच तास हातावर ठेवले.
मी ते सान्तियागोच्या एका गार बाकावर
पुढच्या विमानाची वाट बघत उडवून टाकले.

घरी फारसं बोललो नाही आम्ही.
आलेर्सेच्या सालीचा काथ्या
फळ्यांच्या फटींत ठोकत बसलो.
ते हातोडी मारायचे, मी काथ्या पिळून द्यायचे.
एकदा म्हणाले, तुझ्या हातांना दुधाचा वास येतो.
एकदा म्हणाले, घट्ट पीळ.
उजवी बाजू पुरी झाली.

परतताना मंगळवारी रात्री विमानात बसले,
उतरले ती गुरुवारची पहाट.
मधला बुधवार उजाडलाच नाही.
खिडकीबाहेर काळोख, खाली पाणी,
पाण्यात कुठेतरी ती रेघ
जी कुणी आखलेली दिसत नाही
आणि जिच्यावरून पडलेला दिवस उचलता येत नाही.

गेव्हिननं हजेरीचा तक्ता पुढे सरकवला.
"बुधवारी रजा होती की आजारी होतीस?"
"बुधवारी मी नव्हते."
"नव्हतीस म्हणजे? होतीस कुठे?"
"कुठेच."
त्यानं त्या चौकोनात एक आडवी रेघ मारली
आणि गमबूट घालायला वाकला.

रात्री फोन लावला.
"बाबा, बुधवारी काय केलंत?"
"पाऊस होता. होडीची डावी बाजू घेतली.
काथ्या पिळायला कुणी नव्हतं, म्हणून हळूहळू.
दुपारी दोन कप भरले,
मग लक्षात आलं.
दोन्ही मीच प्यायलो."
थोडा वेळ थांबले.
"चांगला होता बुधवार," म्हणाले.
"लांबलचक."